डोळ्यांत पाणी आणणारी कंट्री गाणी: कोणती, कोणत्या क्रमाने आणि कशी ऐकायची

कंट्री हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेला गाण्याचा प्रकार. त्यातलं जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ अजून ऐकलं नसेल, तर लेख इथेच थांबवा. सव्वातीन मिनिटांचं गाणं आहे. एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका आणि मग परत या, कारण पुढच्या परिच्छेदात त्यातलं गुपित फुटणार आहे.

ऐकलंत? गायक एका मित्राबद्दल सांगतोय. मित्राने तिला म्हटलं होतं, मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली होती, विसरशील हळूहळू. मित्राच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, उशाशी १९६२ सालची पत्रं आहेत आणि त्यातल्या प्रत्येक ‘आय लव्ह यू’खाली त्याने लाल रेघ मारून ठेवली आहे. मग गायक म्हणतो, आजच त्याला बघून आलो, डोळ्यांत टिपूस नव्हतं, छान कपडे करून निघायच्या तयारीत होता, कित्येक वर्षांनी त्याला हसताना पाहिलं. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, सुटला बिचारा. तेवढ्यात धृपद येतं आणि दारावर टांगलेलं फुलांचं चक्र दिसतं. शीर्षकाचा अर्थ जागच्या जागी उलटतो: आज त्याने तिच्यावर प्रेम करणं थांबवलं, कारण आज तो गेला. ‘तो मेला’ असं गायक सरळ एकदाही म्हणत नाही.

बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन या दोघांनी लिहिलेलं हे गाणं १९८० साली आलं. जोन्सला ते फारच मरणप्रधान वाटत होतं. हे कोणी विकत घेणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘साँग ऑफ द इयर’ हा सन्मान त्याला १९८० आणि १९८१ असा लागोपाठ दोनदा मिळाला.

चांगल्या कंट्री गाण्याची कारागिरी ही अशी असते. गाणारा रडत नाही. तो साध्या आवाजात बारीकसारीक तपशील सांगत जातो आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटपर्यंत हातात ठेवतो. म्हणून ही गाणी मागे लावून ठेवायची नसतात. स्वयंपाक करता करता ऐकलं तर ‘बरी आहे चाल’ एवढंच हाती लागतं. खाली पाच बैठका दिल्या आहेत. एका बैठकीला वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो, आणि एका दिवशी एकच बैठक करायची.

(आपल्याकडे ‘कंट्री’ म्हटलं की देशी दारूचं दुकान आठवतं. तिकडच्या गाण्यांतही दारू भरपूर आहे, पण साम्य तेवढंच.)

बसण्याआधी फोनमध्ये काय बदलायचं

शफल बंद करा. ऑटोप्लेही बंद करा, कारण जोन्सचा शेवटचा सूर विरायच्या आत ॲप एखादं नाचायचं गाणं सुरू करतं आणि सगळं ओम् फस् होतं. क्रॉसफेड शून्यावर आणा. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारी ही सोय लग्नाच्या डीजेला ठीक, इथे ती नेमका शेवट खाते. इक्वलायझरवर ‘बेस बूस्ट’ असेल तर तोही काढा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये डबल बेस आधीच माइकच्या जवळ असतो. तो आणखी फुगवला की गायकाचे शब्द बुडतात.

आवाजाची पातळी सारखी करणारं नॉर्मलायझेशन मात्र चालू ठेवा. १९४९ सालचं रेकॉर्डिंग आणि २०१० सालचं रेकॉर्डिंग यांच्या मोठेपणात बराच फरक असतो आणि दर गाण्याला हात आवाजाच्या बटणाकडे गेला की लक्ष मोडतं. त्यात ‘लाउड’ असा पर्याय दिसला तर तो टाळून ‘नॉर्मल’ ठेवा. ‘लाउड’मध्ये हळू आणि मोठ्या जागांमधलं अंतर चेपलं जातं, आणि या गाण्यांत ते अंतरच कामाचं असतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. जोन्स किंवा जॉनी कॅशचे खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. साधे वायरचे इअरफोन चालतील, पण दोन्ही कानांत घाला. जुन्या स्टिरिओत वाद्यं एका बाजूला आणि साथीचे आवाज दुसऱ्या बाजूला असे वाटलेले असतात, त्यामुळे एका कानाने अर्धंच गाणं मिळतं.

कोणतं रेकॉर्डिंग मूळ, ते तपासा

बहुतेकांचं इथेच फसतं. पन्नास ते सत्तरच्या दशकांतल्या अनेक गायकांनी आपलीच गाजलेली गाणी पुढे उतारवयात लहानसहान कंपन्यांसाठी पुन्हा गाऊन ठेवली. ॲपवर शोधलं की ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या नावाखाली कित्येकदा तीच आधी समोर येतात. आवाज थकलेला, मागे सिंथेसायझर, आणि ऐकणारा म्हणतो, एवढं काय आहे यात? त्यासाठी तीन गोष्टी बघा: नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ किंवा ‘लाइव्ह’ लिहिलंय का, अल्बम मूळ सालचा आहे की कुठलंसं संकलन आहे, आणि गाण्याची लांबी मूळ गाण्याइतकी आहे का. दहा-पंधरा सेकंदांचा फरक दिसला तर दुसरी नोंद उघडा.

हँक विल्यम्सच्या बाबतीत खोच वेगळी आहे. तो १ जानेवारी १९५३ ला, वयाच्या २९व्या वर्षी गेला. पुढे साठच्या दशकात त्याच्या कंपनीने त्याच्या साध्या, मोजक्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगवर व्हायोलिनांचा ताफा चढवून ती पुन्हा विकली. ‘विथ स्ट्रिंग्ज’ असं दिसलं की पुढे चला. मोनोमधलं मूळ रेकॉर्डिंगच हवं.

उच्चार आणि शब्द

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, म्हणजे टेनेसी, केंटकी, अलाबामा, टेक्सास इथल्या इंग्रजीत ‘आय’ हा ‘आ’सारखा ऐकू येतो, ‘-इंग’चा ‘-इन’ होतो, आणि ‘पेन’ व ‘पिन’ यांत फरक उरत नाही. एवढं माहीत असलं तरी निम्मे शब्द उलगडतात. बाकी काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतील:

- मामा: म्हणजे आई. मराठी कानाला पहिल्यांदा गंमत वाटते, पण गाण्यात ‘मामा’ आला की आईचा भाऊ शोधू नका.
- डॅडी: मोठी माणसंही वडिलांना हेच म्हणतात, त्यात लाडिकपणा नाही.
- हॉलर: दोन डोंगरांमधली अरुंद घळ आणि तिथली चारदोन घरांची वस्ती.
- हॉन्की-टॉन्क: दारू, ज्यूकबॉक्स आणि नाचायला थोडी जागा असलेला स्वस्त बार.
- लेड ऑफ: कामावरून कमी केलेला.
- व्हिपरविल: रातव्याच्या कुळातला पक्षी, रात्रभर एकच हाक देत राहणारा.

ऐकण्याची रीत प्रत्येक गाण्याला एकच ठेवा. पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता ऐका. कळलं तेवढं कळलं. दुसऱ्यांदा शब्द वाचत ऐका. तिसऱ्यांदा पुन्हा शब्दांशिवाय, आणि या वेळी दोन ओळींच्या मधे काय वाजतंय तिकडे कान द्या. शब्द आधीच वाचून काढायचे नाहीत, नाहीतर शेवटची कलाटणी डोळ्यांनी संपते आणि कानांसाठी काही उरत नाही. व्हिडिओ असेल तर तो सगळ्यांत शेवटी.

पहिली बैठक: घर

सुरुवात मरणाच्या गाण्यांपासून करू नये. घराच्या गाण्यांतली भाषा सोपी असते आणि वस्तू ओळखीच्या असतात.

डॉली पार्टनचं ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ (१९७१) घ्या. आई पोरीसाठी चिंध्या जोडून कोट शिवते. शिवता शिवता बायबलमधल्या योसेफच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगते. पोरगी तो कोट घालून ऐटीत शाळेत जाते आणि पोरं हसतात. गोधडी पाहिलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. ऐकताना लक्ष द्यायचं ते एका गोष्टीकडे: पोरीला राग येत नाही, तिला खरोखर कळतच नाही की ही का हसतायत. पार्टन ते वैतागून गात नाही, नवल वाटल्यासारखं गाते. गाणं उभं राहतं ते या नवलावर. टेनेसीतल्या सेव्हियर काउंटीत बारा भावंडांत वाढलेल्या पार्टनने ते दौऱ्याच्या बसमध्ये, हाताला लागलेल्या ड्राय-क्लीनिंगच्या पावतीवर लिहून काढलं होतं.

दुसरं लोरेटा लिनचं ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९७०). केंटकीतल्या बुचर हॉलरमधल्या खाणकामगाराचं घर, कपडे घासून घासून रक्ताळलेली आईची बोटं, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात बाळांना जोजवणं. या गाण्याची चाल उडती आहे आणि सूर अभिमानाचा. डोळे भरून येतात ते शेवटी, ती त्या जागी परत जाते आणि तिथे आठवणींशिवाय काही राहत नसतं तेव्हा. लिनने कडवी आणखी लिहिली होती; निर्माता ओवेन ब्रॅडली याने त्यातली काही कापायला लावली.

त्याच्या लगेच नंतर मिरांडा लॅम्बर्टचं ‘द हाउस दॅट बिल्ट मी’ (२०१०) लावा. दोन गाण्यांच्या मधे चाळीस वर्षं आहेत, दारातला प्रसंग तोच. एक बाई आपल्या जुन्या घराचं दार वाजवते. आता तिथे दुसरंच कुणी राहतं. ती म्हणते, जरा आत फिरू द्याल का? पायरीच्या सिमेंटमधे उमटवलेले लहानपणचे पंजे, झाडाखाली पुरलेला कुत्रा, मासिकांतली घरांची चित्रं कापून ठेवणारी आई. टॉम डग्लस आणि ॲलन शॅम्ब्लिन यांनी हे लिहिलं. गाणं खरं तर दुसऱ्या गायकाकडे आलं होतं. ते ऐकून रडलेल्या लॅम्बर्टने ते मागून घेतलं. गावचं घर विकलेल्या कुणाबरोबर ऐकणार असाल तर आधी कल्पना द्या.

दुसरी बैठक: एकटेपणा

इथे गोष्ट कमी, आवाज जास्त. ‘आय’म सो लोनसम आय कुड क्राय’ हँक विल्यम्सने ३० ऑगस्ट १९४९ ला सिनसिनाटीतल्या हर्झॉग स्टुडिओत रेकॉर्ड केलं. पावणेतीन मिनिटांच्या आसपासचं, तीन मात्रांच्या संथ झोक्यावरचं. धृपद नाही. चार कडवी, आणि दुसरं सोडून प्रत्येक कडवं शीर्षकाच्या ओळीवर येऊन टेकतं. पहिल्या कडव्यात रातवा आहे आणि मध्यरात्रीची आगगाडी, पुढे रॉबिन पक्षी, शेवटी निखळणारा तारा. ती कोण, का गेली, यातलं काहीही नाही. आपल्या विराण्या ऐकलेल्या कानाला ही रीत परकी वाटणार नाही.

तिसऱ्या ऐकण्यात जेरी बर्डच्या स्टील गिटारकडे कान द्या. डाव्या हातातली धातूची कांडी तारांवरून सरकते आणि सूर मींडेसारखा वाहतो. हे वाद्य हवाई बेटांवरून आलं. तिकडून ते नॅशव्हिलला, म्हणजे टेनेसीतल्या कंट्री संगीताच्या राजधानीला, पोचलं तसं कोलकाता-मुंबईलाही पोचलं, आणि आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांत ‘हवाईयन गिटार’ म्हणून वाजलं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा याच घराण्यातली. त्यांनी १९९५ साली कंट्री आणि त्याच्याच जवळच्या ब्लूग्रास संगीतातला, डोब्रो (कांडीने वाजवायची आडवी गिटार) वाजवणारा जेरी डग्लस याच्याबरोबर अल्बमही केला आहे. त्यामुळे स्टीलचा आवाज ओळखीचा वाटला तर तो भास नाही.

पुढच्या दशकांतल्या गाण्यांत ऐकू येते ती पेडल स्टील: बहुधा दहा तारा, पायाखाली पेडल, गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. वाजवताना काही तारांचा सूर बदलतो, बाकीच्या तिथेच राहतात, म्हणून एक सूर थांबलेला आणि दुसरा त्याच्याकडे सरकत येणारा असं ऐकू येतं. शिवाय वादकाच्या पायाखाली आवाज कमी-जास्त करणारं वेगळं पेडल असतं. तो तार छेडतो तेव्हा आवाज दबलेला असतो, मग सोडतो. नखीचा आघात ऐकूच येत नाही. हुंदका दाबून बोलावं तसा सूर येतो तो या युक्तीमुळे.

त्यानंतर पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ (१९६१). गीतकार विली नेल्सन, तेव्हा नॅशव्हिलमध्ये गाणी विकून पोट भरणारा नवखा माणूस. क्लाइनला त्या वर्षीच्या जूनमध्ये मोटार अपघातात जबर मार लागला होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे सूर लागेनात, म्हणून वाद्यं आधी ध्वनिमुद्रित केली आणि तिने नंतर येऊन गाणं गायलं. पियानोवर फ्लॉइड क्रेमर आहे. त्याची बोटं शेजारच्या पट्टीला जरासा कण लावून मूळ सुरावर घसरतात. तो कण एकदा सापडला की गाण्याभर सापडत राहतो.

शेवटी नेल्सनचंच ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ (१९७५). लेखक फ्रेड रोज, गाणं चाळीसच्या दशकातलं. नेल्सनने ते गिटार आणि अगदी मोजक्या साथीवर गायलं. कंपनीतल्या लोकांना तो अख्खा अल्बमच अर्धवट, नमुन्यासाठी केलेला वाटला. नेल्सन शब्द तालाच्या जरा मागे टाकतो. पायाने ताल धरून ऐका म्हणजे कळेल, ओळ दर वेळी किंचित उशिरा येऊन पोचते, एखाद्या माणसाला बोलायचं नसावं तशी.

तिसरी बैठक: अर्थ पालटणारी ओळ

या बैठकीत एकच गाणं तीनदा ऐकलं तरी पुरे: कॅथी मॅटियाचं ‘व्हेअर्’व्ह यू बीन’, १९८९. जॉन व्हेझनर आणि डॉन हेन्री यांनी लिहिलेलं. प्रसंग व्हेझनरच्या आजी-आजोबांचा. व्हेझनर हा मॅटियाचा नवरा.

तीन कडवी आहेत आणि तिन्ही एकाच प्रश्नावर संपतात. मराठीत तो प्रश्न ‘कुठे होतास?’ एवढाच. पहिल्या कडव्यात क्लेअर नावाची बाई प्रेमाची आशा सोडून बसलेली असते, तेव्हा एडविन भेटतो. ‘कुठे होतास?’ म्हणजे इतकी वर्षं का लावलीस. दुसऱ्या कडव्यात लग्न झालंय, तो विक्रेता आहे, वादळी रात्री घरी पोचायला उशीर होतो. ‘कुठे होतास?’ म्हणजे जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्यात दोघं म्हातारी, एकाच रुग्णालयात, वेगवेगळ्या मजल्यांवर. तिची आठवण गेलेली, ती बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. त्याला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे आणतात. आता ती काय विचारणार हे ऐकणाऱ्याला एक क्षण आधीच कळतं, आणि गाणं तो क्षण घाई न करता जाऊ देतं.

चाल तिन्ही वेळा तीच, शब्द तेच. मॅटिया तिसऱ्या वेळी आवाज वाढवत नाही. एखादी कमी जाणती गायिका इथे नक्की सूर चढवून टाळी घेईल. तालमीत बसल्यासारखं तिन्ही वेळचा तो प्रश्न ओळीने ऐका आणि नेमकं काय बदललंय ते शोधा. बहुतेक बदल आपल्यातच झालेला असतो.

मग जोन्सचं सुरुवातीचं गाणं पुन्हा लावा. या वेळी धृपदानंतरचा बोललेला भाग नीट ऐका: ती शेवटचं भेटायला आली होती, असं गायक न गाता सांगतो. ती येते हा प्रसंग गीतकारांनी निर्माता बिली शेरिलच्या सांगण्यावरून नंतर घातला. गाण्यात मधेच बोलणं ही कंट्रीतली जुनी युक्ती आहे आणि दहातल्या नऊ वेळा ती फसते, कारण गायक तिथे अभिनय करायला लागतो.

चौथी बैठक: तुरुंग, बेकारी

मर्ल हॅगर्ड सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैदी होता आणि १९६० साली सुटला. ‘सिंग मी बॅक होम’ (१९६७) हे त्याच्या तिथल्या ओळखीतून आलेलं गाणं आहे: देहदंडाच्या ठिकाणी नेला जाणारा कैदी वाटेत थांबून मित्राला म्हणतो, घरची आठवण होईल असं काहीतरी म्हण. त्यानंतर ‘इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर’ (१९७३). कारखान्याने कमी केलेला बाप, तोंडावर आलेला नाताळ, आणि यंदा काही का मिळणार नाही हे न कळणारी छोटी मुलगी. चाल हसरी, जवळजवळ बागडती. शब्द न ऐकणारा यावर मान डोलावेल. बापाला मुलीसमोर चेहरा हसरा ठेवायचाय, आणि ते काम इथे चालीवर सोपवलंय.

दोनच गाणी पुरेत.

पाचवी बैठक: मरण

इथे एक सांगून ठेवायला हवं. यातली काही गाणी दारूत स्वतःला संपवणाऱ्या माणसांची आहेत. मन आधीच खचलेलं असेल तर ही बैठक पुढे ढकला, रात्री एकट्याने ऐकू नका. आणि बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

ब्रॅड पेस्ली आणि ॲलिसन क्रॉस यांचं ‘व्हिस्की ललबाय’ २००४ साली गाजलं. लेखक बिल अँडरसन आणि जॉन रँडल. पहिली उपमाच विझवलेल्या सिगारेटची आहे. पहिल्या कडव्यात तो, दुसऱ्यात ती, आणि दोघांचा शेवट जवळजवळ त्याच शब्दांत. सर्वनामं तेवढी बदलतात. क्रॉसचा आवाज मागून साथीला येतो तेव्हा आपण ती साथच समजतो. दुसऱ्या कडव्यात कळतं की ही ‘ती’ आहे. याचा व्हिडिओ गाजलेला आहे आणि त्यात युद्धावरून परतणारा सैनिक दाखवलाय. शब्दांत सैनिक कुठेच नाही. व्हिडिओ आधी पाहिला की तो सैनिक डोक्यातून जात नाही.

‘हर्ट’ (२००२) मूळचं कंट्री नव्हेच. नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरचं ते गाणं जॉनी कॅशने सत्तरीत गायलं, मूळ गाण्यातल्या एका शिवराळ शब्दाच्या जागी काटे घालून मुकुट काटेरी केला, आणि ते त्याचंच झालं. एकच पियानोचा सूर पुन्हा पुन्हा, वाढत वाढत जाणारा. आवाज फाटलेला, श्वास अपुरा, आणि निर्माता रिक रुबिनने तो तसाच ठेवलेला. मार्क रोमानेकने केलेल्या व्हिडिओत जिन्यावर उभी राहून नवऱ्याकडे पाहणारी बाई म्हणजे जून कार्टर. ती मे २००३ मध्ये गेली, कॅश त्याच सप्टेंबरात.

जेसन इसबेलचं ‘एलिफंट’ (२०१३) घरच्यांसमोर लावण्याआधी लक्षात घ्या, त्यात शिव्या आहेत. कर्करोगाने संपत चाललेली मैत्रीण, तिच्याबरोबर बारमध्ये बसलेला मित्र, आणि दोघंही टाळत असलेला विषय, हत्ती तो (सगळ्यांना दिसणाऱ्या पण कुणी न काढलेल्या विषयाला इंग्रजीत ‘खोलीतला हत्ती’ म्हणतात). डोकं हलवून टाकणारा तपशील म्हणजे तिचे गळलेले केस तो जमिनीवरून झाडून काढतो.

सगळ्यात शेवटी विन्स गिलचं ‘गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन’, १९९५. गायक कीथ व्हिटली १९८९ साली गेला तेव्हा गिलने ते लिहायला घेतलं आणि अर्धवट सोडलं; १९९३ साली भाऊ गेल्यावर पुरं केलं. आधी रेकॉर्ड ऐका. तिथे आवाज काचेसारखा स्वच्छ आहे. मग मे २०१३ मध्ये जॉर्ज जोन्सच्या अंत्यविधीत, ग्रँड ओल ऑप्रीच्या रंगमंचावर गिल आणि पॅटी लव्हलेस यांनी ते गायलं, ते चित्रण शोधा. गिलचा कंठ दाटतो, ओळ तुटते. लव्हलेस आपली साथीची ओळ सोडत नाही. तो गाऊ शकत नाही तिथे गिटार वाजवत राहतो, पुढची ओळ जमेल तशी उचलतो. रेकॉर्ड ऐकल्याशिवाय हे पाहिलं तर फक्त एक रडणारा माणूस दिसेल. ऐकून पाहिलं तर कुठला सूर हुकला आणि त्याची किंमत काय, ते कळतं.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठी चूक दहा गाणी एका दमात ऐकण्याची. चौथ्या गाण्याला मन बधिर होतं आणि पाचव्यातलं मरण नुसतं हिशेबात जमा होतं. दुसरी चूक आजच्या रेडिओवरच्या ट्रक-बिअर-शनिवाररात्र छापाच्या गाण्यांपासून सुरुवात करण्याची. त्यातून या प्रकाराबद्दल मत बनवलं तर ते वाईटच बनेल. तिसरी, ‘सॅड कंट्री’ नावाच्या तयार याद्यांवर विसंबण्याची. त्यात ओढून ताणून रडवणारी गाणी ढिगाने असतात: मरणारं मूल, देवदूत, नाताळ, सगळं एकाच कढईत. ओळखायची खूण सोपी आहे. विशेषणं काढून टाकली तर गाण्यात काय उरतं ते बघा. जोन्सच्या गाण्यात लाल रेघा उरतात.

पुढची गाणी स्वतः शोधायची तर

गायकाच्या नावाने शोधू नका, गीतकाराच्या नावाने शोधा. नॅशव्हिलमध्ये लिहिणारा आणि गाणारा बहुतेकदा वेगळा असतो. ॲपमध्ये गाण्यावर बोट दाबून ‘क्रेडिट्स’ उघडा, लेखकांची नावं मिळतील. ज्या गाण्याने हललात त्याच्या लेखकाचं नाव घेऊन त्याची इतर गाणी काढा. वरच्या यादीतून सुरुवात करायची तर बॉबी ब्रॅडॉक, टॉम डग्लस आणि बिल अँडरसन ही तीन नावं घ्या. मग त्याच नावापुढे ‘ब्लूबर्ड कॅफे’ जोडून व्हिडिओ शोधा. नॅशव्हिलमधलं १९८२ पासूनचं हे छोटं कॅफे आहे. गीतकार मधोमध गोल करून बसतात, पाळीपाळीने आपली गाणी म्हणतात आणि श्रोत्यांनी गप्पा मारायच्या नाहीत असा तिथला दंडक आहे. गीतकारांचे आवाज बहुधा बेताचे असतात. पण कोणत्या शब्दाआधी थांबायचं, ते लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं.